शिंकांची गोळी आणि 'ती' गोळी

पावसाळा सरता सरता गाजर गवत फुलोऱ्यावर येते. दसरा-दिवाळीसाठी माळ्यावरची धूळ झाडली जाते. मग कुणाचे नाक गळू लागते, तर कुणाच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठतात. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या कित्येक जणी पाळणा लांबवण्यासाठी रोज गर्भनिरोधक गोळीही घेत असतात. औषधाची चिठ्ठी हातात पडली, की त्या हळूच विचारतात, ''डॉक्टर, याच्याबरोबर 'ती' गोळी चालेल ना?''

श्रोतेहो, याचे उत्तर सरळ आहे. चालेल. सेट्रिझीन, लेव्होसेट्रिझीन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन किंवा आपली जुनी सीपीएम, यांपैकी कोणत्याही गोळीने गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होत नाही. नाकात मारायच्या स्टिरॉइडच्या फवाऱ्यानेही होत नाही.

तरीही भीती असते. एका बाईंना शेजारणीने सांगितले, की दोन गोळ्या पोटात एकमेकींशी भांडतात. त्यांनी अॅलर्जीची गोळी चालू ठेवली आणि दुसरी दोन आठवडे बंद केली. पुढच्या महिन्यात त्या आल्या तेव्हा त्यांना दिवस गेले होते. धाकटे मूल जेमतेम आठ महिन्यांचे होते. औषधाने जे केले नसते, ते ऐकीव सल्ल्याने केले.

गोळ्या पोटात भांडत नाहीत. खरा प्रश्न यकृताचा असतो. 'माला-एन'सारख्या गोळीतली दोन संप्रेरके यकृतातील एन्झाइम्स हळूहळू मोडून शरीराबाहेर घालवतात. काही औषधे या एन्झाइम्सचे काम फार वाढवतात. मग संप्रेरके लवकर संपतात आणि संरक्षण उरत नाही. अॅलर्जीची नेहमीची औषधे असे करीत नाहीत. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन मात्र करते. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन ही फिट्सवरची औषधेही करतात. ही औषधे चालू असताना आणि थांबवल्यानंतरही चार आठवडे केवळ गोळीवर विसंबू नये. तांबी किंवा तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन यांवर या औषधांचा परिणाम होत नाही.

अॅलर्जीच्या बाबतीत काळजी घ्यायची ती वेगळ्या गोष्टींची. पहिली गोष्ट झोपेची. सीपीएमने गुंगी येते. रात्री जेवण झाल्यावर ती घेतली, की डोळा लागतो आणि उशाजवळची दुसरी गोळी राहून जाते. म्हणून गर्भनिरोधक गोळीची वेळ सकाळच्या चहाशी किंवा दात घासण्याशी बांधून टाका. एखादी राहिलीच, तर आठवताक्षणी घ्या. त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतील. लागोपाठ दोन किंवा जास्त राहिल्या, तर पुन्हा सलग सात दिवस गोळ्या घेऊन होईपर्यंत निरोध वापरा आणि डॉक्टरांना विचारा. हे संप्रेरकांच्या २१ गोळ्यांबद्दल झाले. पाकिटातल्या शेवटच्या सात गोळ्या लोहाच्या असतात. त्यांतली एखादी चुकल्याने संरक्षण जात नाही.

दुसरी गोष्ट रक्तदाबाची. सर्दीच्या अनेक तयार गोळ्यांत चोंदलेले नाक मोकळे करणारे फिनाइलएफ्रिन असते. ते रक्तदाब वाढवू शकते आणि गर्भनिरोधक गोळीनेही काहींचा रक्तदाब वाढतो. म्हणून मेडिकलच्या दुकानातून परस्पर सर्दीची गोळी आणण्याआधी एकदा रक्तदाब मोजून घ्यावा.

तिसरी गोष्ट दम्याची. इथे उलटा प्रकार होतो. गर्भनिरोधक गोळीमुळे थिओफायलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळते. मळमळ, धडधड, हात थरथरणे असा त्रास झाला, तर मात्रा कमी करावी लागते. पोटात घ्यायच्या प्रेडनिसोलोनचा परिणामही वाढू शकतो. आणि औषध कोणतेही असो, गर्भनिरोधक गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली, तर दुसरी गोळी घ्यावी.

हे सारे सांभाळणे अवघड नाही. अवघड असते ते बोलणे. पुष्कळ घरांत गोळीचे पाकीट साड्यांच्या घडीत लपलेले असते. सासूबाई सोबत असतात म्हणून डॉक्टरांपुढे त्याचा उल्लेख होत नाही. शिंकांसाठी आलेल्या बाईने ते लपवले तर बहुधा बिघडत नाही. पण तीच बाई उद्या क्षयरोगाचे औषध घेऊ लागली, तर त्या गप्प राहण्याची किंमत तिलाच मोजावी लागते.

यात आम्हा डॉक्टरांचेही काम आहे. सोबतच्या माणसांना दोन मिनिटे बाहेर बसवून ''आणखी कोणती गोळी चालू आहे?'' हे आम्हीच विचारायला हवे. आम्ही नाही विचारले, तर तुम्ही पाकीट पर्समधून काढून टेबलावर ठेवा. तोंडाने काही सांगावे लागणार नाही.