लढाई संपते, दुःख संपत नाही

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विहारात सिनेमाचा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण बाबासाहेबांनी दिलेला धम्म देवाबद्दल नाही, माणसाबद्दल आहे. जगात दुःख आहे हे मान्य करणे, ही त्याची सुरुवात. लढाईवरून परतलेल्या जवानाचे दुःखही त्यातच आले.

लढाईचे सिनेमे आपण पुष्कळ पाहतो. तोफा धडाडतात, झेंडा फडकतो, पब्लिक टाळ्या वाजवते. पण घरी आलेल्या त्या जवानाला रात्री झोप लागते का? हे दाखवणारे सिनेमे थोडे. त्यातल्या दोघांबद्दल सांगतो. दोन्ही अमेरिकेतले, दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ साली तयार झालेले.

पहिला ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’. तीन जण एकाच गावी परततात. एक दारूच्या आहारी जातो. दुसरा विमानातून बॉम्ब टाकणारा, तो झोपेत ओरडत उठतो. तिसऱ्याचे दोन्ही हात गेलेत, हातांच्या जागी लोखंडी आकडे. हे काम करणारा हॅरॉल्ड रसेल नट नव्हता. १९४४ साली सैन्यात शिकवताना स्फोट होऊन त्याचे हात खरोखरच गेले होते. सिनेमात तो आपल्या वाग्दत्त वधूला टाळतो, कारण त्याला कीव नको आहे. शेवटी एका रात्री तो आकडे काढून आपली लाचारी तिला दाखवतो. ती पळून जात नाही. त्याला झोपवते, पांघरूण घालते. भाषण नाही, उपदेश नाही. पण तिथून तो माणसात येतो.

दुसरा ‘लेट देअर बी लाइट’. जॉन ह्यूस्टनने हा माहितीपट खुद्द अमेरिकन लष्करासाठी काढला. न्यूयॉर्कजवळच्या लष्करी इस्पितळातले हे खरे जवान. अंगावर जखम नाही, पण एकाचे पाय चालत नाहीत, एकाला बोलता येत नाही, एकाला स्वतःचे नावही आठवत नाही. गोरे-काळे एकत्र बसून डॉक्टरांशी बोलतात आणि रडतात. काही जण झटपट बरे झालेले दाखवलेत. प्रत्यक्षात एवढ्या लवकर होत नाही.

लष्कराने हा माहितीपट दाबून ठेवला. रुग्णांची ओळख उघड होईल, हे कारण सांगितले. ह्यूस्टनचे म्हणणे, जवान कधी मोडत नाही ही समजूत लष्कराला टिकवायची होती. १९८० च्या अखेरीस बंदी उठली. म्हणजे चौतीस वर्षे! त्याच १९८० साली, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आवाज उठवल्यावर, अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी या आजाराला अधिकृत नाव दिले. तोवर कित्येकांना भेकड म्हणून हिणवले गेले.

आता आपला सम्राट अशोक आठवा. कलिंगात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख पकडून नेली, याचा मला पश्चात्ताप होतो, हे त्याने शिलालेखात कोरून ठेवले. जिंकलेल्या राजाने स्वतःचे दुःख दगडावर लिहिले आणि इथे दोन हजार वर्षांनी लष्कराने फिल्म कुलुपात घातली! लपवल्याने दुःख गेले का? ते घराघरांत गेले, बायकापोरांच्या वाट्याला आले.

आपल्या समाजातली कितीतरी पोरं फौजेत गेली, आजही जातात. असा कोणी घरी येऊन गप्प बसला, दचकून उठू लागला, बाटलीकडे वळला, तर त्याला बायल्या म्हणू नका. बाहेरचं काही झालंय म्हणून गंडेदोरे करू नका, ते आपण सोडलंय. त्याच्याजवळ बसा. तो बोलेल तेव्हा ऐका, नाही बोलला तरी बसून राहा. सरकारी इस्पितळात मनाच्या आजाराचे डॉक्टर असतात, तिथे सोबत घेऊन जा. आणि त्याच्या घरच्या बाईलाही विचारा, ‘ताई, तुम्ही कशा आहात?’ तिला कोणीच विचारत नाही.

पंचशील आपण रोज म्हणतो. करुणा मात्र अशा वेळी करून दाखवायची असते. एवढे सांगून थांबतो.

जयभीम! नमो बुद्धाय!