मुलाबाळांसह रानातला मुक्काम

बंगळूर शहराच्या दक्षिण भागातील एका मोठ्या वस्तीचे नाव बनशंकरी. बन म्हणजे वन, आणि त्या वनाची अधिष्ठात्री देवता ती बनशंकरी. बदामीची बनशंकरी, जिला शाकंभरी असेही म्हणतात, ही महाराष्ट्रातील कितीतरी घराण्यांची कुलस्वामिनी आहे. तिच्याच नावाचे देऊळ येथे कनकपुऱ्याच्या रस्त्यावर उभे आहे आणि राहुकाळात लिंबाच्या सालीत दिवे लावून भाविक स्त्रिया तिची पूजा करतात. देवीच्या नावातील वन मात्र आता देवळाभोवती उरलेले नाही. तेथे घरांच्या रांगा आहेत आणि मेट्रोचे खांब आहेत. या वस्तीत वाढणाऱ्या मराठी मुलाला अंधार ठाऊक असतो तो वीज गेल्यावेळचा, आणि तोही पाच-दहा मिनिटांचा. अशा मुलांना घेऊन एक-दोन रात्री रानात राहून यावे, अशी इच्छा त्यांच्या आईवडिलांस होऊ लागली, तर ती स्वाभाविकच म्हटली पाहिजे.

वस्तुतः मुक्काम ही गोष्ट मराठी माणसाला अपरिचित नाही. राहुटी, पाल, कनात, वळकटी, शिधा, शिदोरी हे शब्द एका फिरत्या जीवनाची साक्ष देतात. ज्या बंगळुरात आज ही कुटुंबे नांदतात, तेच सतराव्या शतकात शहाजीराजांच्या जहागिरीचे ठिकाण होते. कार्तिकात आवळीभोजनाला जाण्याची चालही जुनीच. परंतु वनभोजनाला गेलेली मंडळी दिवे लागण्यापूर्वी घरी परततात. रात्र पडली की रानाचे स्वरूप पालटते, आणि म्हणून रात्रीच्या मुक्कामाची तयारीही निराळी करावी लागते.

पहिला प्रश्न काळाचा. दसऱ्याच्या सुटीत मुले मोकळी असतात हे खरे. पण बंगळुराकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात पावसाचा जोर असतो, आणि भिजलेल्या अंथरुणात मुलांचा उत्साह फार वेळ टिकत नाही. दिवाळी उलटल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ अधिक सोयीचा.

दुसरा प्रश्न स्थळाचा. बनशंकरीच्या दक्षिणेस तुरहळ्ळीचे छोटेसे रान अजून टिकून आहे. ते सकाळच्या फेरफटक्यास उत्तम, मुक्कामास नव्हे. राखीव रानात परवानगीवाचून रात्री राहणे हा गुन्हा आहे, आणि हत्तींच्या वाटेवर तंबू ठोकणे हा अविचार आहे. प्रथमच निघणाऱ्या कुटुंबाने सरकारमान्य जागाच निवडावी. कनकपुऱ्याच्या बाजूने सुमारे शंभर किलोमीटरवर कावेरीच्या काठी भीमेश्वरी आहे. तेथे कर्नाटक शासनाच्या जंगल लॉजेस या संस्थेने निवासाची सोय केली आहे. अशा ठिकाणी रानाची ओळख होते आणि हाकेच्या अंतरावर जाणते माणूसही असते.

कावेरीविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. अर्कावती जेथे तिला मिळते तो संगम आणि त्यापुढील मेकेदाटूची खडकाळ घळ ही दृश्ये मनोहर आहेत. पण वर संथ दिसणाऱ्या त्या पाण्याखाली ओढ आहे, भोवरे आहेत, निसरडे खडक आहेत, आणि नदीत मगरीही आहेत. पोहता येणाऱ्या तरुणांनीही येथे प्राण गमावले आहेत. म्हणून मुलांनी पाण्यात उतरायचे नाही, हा नियम घरूनच ठरवून निघावे. काठावर असताना मुलांवर नजर ठेवण्याचे काम पाळीपाळीने एकेका मोठ्या माणसाकडे नेमून द्यावे. सर्वांचे लक्ष आहे असे जेव्हा सर्वांना वाटते, तेव्हा बहुधा कोणाचेच लक्ष नसते.

रात्री भय असते ते मण्याराचे. हा साप रात्री हिंडतो, जमिनीवर निजलेल्यांच्या अंथरुणात शिरतो, आणि त्याचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. खाटेवर झोपणे, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचणे, बूट झटकून घालणे आणि दिव्यावाचून पाऊल न टाकणे, एवढी शिस्त पाळली की धोका पुष्कळ कमी होतो. दंश झालाच, तर कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो अवयव हलू न देता रुग्णाला तडक रुग्णालयात न्यावे. जवळचे रुग्णालय कोठे आहे, हे निघण्यापूर्वीच कागदावर लिहून घ्यावे, कारण रानात दूरध्वनी चालेलच असे नाही.

सामानाची यादी मुलांकडूनच करवावी. प्रत्येकाने आपली पिशवी आपण भरावी आणि आपणच उचलावी. मग खेळण्यांची संख्या आपोआप कमी होते. दशम्या, तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट, गूळ आणि दाणे इतक्यावर दोन दिवस सुखाने निघतात. प्यायला उकळलेले पाणी न्यावे. जुलाब झाल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घोटघोट पाजावे. चमचा अर्थात चहाचा. प्रयाणापूर्वी एक रात्र सर्वांनी घराच्या गच्चीवर काढून पाहावी. विजेरीचे सेल संपलेले आहेत, हे गच्चीवर कळलेले बरे.

इतकी सिद्धता करून आईवडिलांनी एक गोष्ट मात्र राखून ठेवावी, ती म्हणजे मुलांच्या वाट्याचे काम. सर्व काही आयते मिळाले, तर रान आणि घर यांत मुलांना फरक तो काय वाटणार? आठ वर्षांच्या मुलाने सर्वांसाठी पाण्याची कळशी भरून आणली, की त्या दिवशी त्याला घरातील आपले स्थान कळते. धाकटीला अंधाराची भीती वाटली, तर दिवा लावण्याची घाई न करता तिचा हात धरून काही वेळ आकाश पाहावे. डोळे सरावले की चांदण्या दिसू लागतात. परतताना आपला सगळा कचरा मुलांच्याच हातांनी गोळा करून परत आणावा. ज्या वस्तीच्या नावापुरतेच वन उरले आहे, तेथील मुलांनी दुसरीकडचे वन तरी जसे होते तसे ठेवून यावे, हे उचितच आहे.