सायबर सुरक्षेची पदवी : आधी गणित

घरात अकरावी-बारावीची मुलं असतील, तर त्यांनाही बोलवा रेडिओजवळ.

आज बोलूया संगणकशास्त्र आणि सायबर सुरक्षेच्या पदवीबद्दल.

महाराष्ट्रात बी.टेक.ला जायचं, तर बारावीला दोन विषय हवेतच.
भौतिकशास्त्र… आणि गणित.
शिवाय प्रवेश परीक्षा आहेच.
म्हणून अकरावीत गणित सोडताना दहादा विचार करा.

पदवीचा हिशोब चालतो क्रेडिटवर.
15 तास वर्गात बसलात, की साधारण एक क्रेडिट.
चार वर्षांत अशी 160 च्या आसपास जमवायची.

मुलांना वाटतं, पहिल्याच दिवशी हॅकिंग शिकवतील.
समोर येतं ते गणित, आणि साधासुधा प्रोग्रॅम.
मग डेटा स्ट्रक्चर.
ऑपरेटिंग सिस्टीम.
नेटवर्क.
कुलूप कसं तुटतं हे कळायला, ते बनतं कसं हे आधी कळायला हवं ना?

त्यानंतर क्रिप्टोग्राफी, म्हणजे संदेश गुप्त ठेवण्याचं शास्त्र.
तिथे शाळेतल्या मूळ संख्या पुन्हा भेटतात.
म्हणजे परत गणितच!

आणि हो, फी भरण्यापूर्वी एक करा.
कॉलेजला एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, मान्यता आहे का, ते तपासा.