ताटातील अन्न पोटात पोचावे म्हणून
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, ते योग्यच आहे. परंतु या व्यासपीठावरून ज्यांचे नाव कधीच पुकारले जात नाही, अशी मुलेही आपल्याच घरांत आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लक्ष अपंग व्यक्तींची नोंद झाली. आपली ज्ञाती त्याला अपवाद असण्याचे कारण नाही. बेताच्या प्राप्तीच्या घरांतील अशा मुलांच्या आहाराविषयी मी आज चार शब्द सांगणार आहे.

गरीब घरातील मूल हडकले, की अन्न अपुरे पडते असे आपण म्हणतो. अपंग मुलाच्या बाबतीत मात्र ताटात वाढलेले अन्नही पुष्कळदा पोटात पोचत नाही. सेरेब्रल पाल्सीचेच उदाहरण घ्या. लहान वयात मेंदूला इजा होऊन या विकारात स्नायूंवरील ताबा जातो. हातापायांप्रमाणे जीभ, जबडा आणि घसाही त्यात सापडतात. भाकरी चावत नाही, घास ओठांतून बाहेर येतो, पाण्याचा ठसका लागतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबास दरमहा माणशी ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. पण धान्य घरात आले म्हणजे ते या मुलाच्या अंगी लागले असे नव्हे.

मग आई मायेपोटी भाताची पातळ पेज आणि वरणाचे पाणी देते. पोट भरते, पण बळ येत नाही. शिवाय पातळ पदार्थच अशा मुलाच्या श्वासनलिकेत लवकर शिरतो. म्हणून अन्न मऊ असावे, पण दाट असावे. मऊ भात व घट्ट वरण एकत्र घोटून त्यात चमचाभर तेल किंवा तूप घालावे. ५ ग्रॅम तेलातून सुमारे ४५ उष्मांक मिळतात आणि घासाचा आकार वाढत नाही. नाचणीचे दाट सत्त्व, वस्त्रगाळ केलेले शेंगदाण्याचे कूट घालून शिजवलेली लापशी, कुस्करलेले केळे, चालत असल्यास मऊ शिजवलेले अंडे, यांपैकी काहीही दुर्मिळ नाही.

भरविण्याची रीतही तितकीच महत्त्वाची आहे. आडवे निजवून किंवा मान मागे टाकून कधीही भरवू नये. पाठ टेकवून ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी, चमचा लहान असावा, आणि पहिला घास गिळल्याखेरीज दुसरा देऊ नये. जेवणानंतर अर्धा तास बसते ठेवावे. वारंवार ठसका लागत असेल, जेवताना आवाज घरघरत असेल किंवा छाती पुन:पुन्हा भरत असेल, तर विनाविलंब डॉक्टरांस दाखवावे.

या रीतीने एका जेवणास तासभर लागू शकतो. दिवसातून तीन-चार वेळा एवढा वेळ देणारी माता रोजगारास कशी जाणार? रोजगार बुडाला, की प्रथम दूध बंद होते, मग डाळ, आणि अखेरीस आईचे स्वत:चे जेवण. या घरांत धान्याइतकीच वेळाची टंचाई असते, आणि वेळ ही गोष्ट ज्ञातिबांधव एकमेकांस देऊ शकतात.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. मंडळाच्या कुटुंबसूचीत अशा मुलांची नोंद पालकांच्या संमतीने व्हावी. महिला शाखेतील दोन-तीन भगिनींनी भरविण्याची रीत जाणकारांकडून शिकून घेऊन अशा घरी आळीपाळीने जावे. सहाय्यनिधीतून ताठ बसविणारी खुर्ची व महिन्याची डाळ-तेलाची बेगमी पुरवावी. दिव्यांग बालकांसाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये अंगणवाडी कार्यपद्धती जाहीर केली आहे. लहान मुलांच्या पालकांनी अंगणवाडीत जाऊन तिची अवश्य चौकशी करावी.

आणि एक शेवटचे. लग्नकार्यात अशा मुलास आतल्या खोलीत ठेवण्याची चाल आपल्यांत अद्याप आहे. त्याला पंगतीत बसवा. जे मूल चारचौघांत दिसते, त्याच्या पोटाची चौकशी चारचौघे करतात.