आशिया चषकाचं तिकीट

जुन्नर, आंबेगावच्या शाळांमध्ये फुटबॉल खेळणाऱ्या मुलींसाठी आजची ही माहिती.

महिला आशिया चषकात 12 संघ खेळतात. यजमान देशाला थेट प्रवेश मिळतो. 2022 मध्ये यजमान भारत होता. सामने अंधेरी, नवी मुंबई आणि आपल्या बालेवाडीत झाले. पण कोरोनामुळे भारताला तैवानविरुद्ध किमान 13 खेळाडूही उभे करता आले नाहीत आणि स्पर्धा सोडावी लागली.

2026 च्या चषकासाठी नियम असा होता : यजमान ऑस्ट्रेलिया आणि मागच्या वेळचे पहिले तीन, म्हणजे चीन, दक्षिण कोरिया व जपान थेट आत. उरलेल्या आठ जागांसाठी आठ गट, आणि गटात फक्त अव्वल संघच पात्र. भारताने थायलंडमधल्या चियांग माई इथे मंगोलियाला 13-0 असं हरवलं. 5 जुलै 2025 ला शेवटची गाठ यजमान थायलंडशीच पडली. संगीता बासफोरने दोन गोल केले, भारत 2-1 ने जिंकला.

पात्रता फेरी खेळून आशिया चषक गाठण्याची भारतीय महिलांची ही पहिलीच वेळ.