चाळ कुणाच्या हिशेबावर उभी राहते?



आम्ही कॉलेजात गेलो नाही; हिशेब शिकलो तो युनियनच्या वर्गणीच्या वहीवर. त्याच नजरेने आज मुंबईच्या बी. डी. डी. चाळींकडे पाहू.

1920 साली मुंबई सरकारने डेव्हलपमेंट खाते काढले. कामगारांसाठी 50,000 खोल्या बांधण्याचा संकल्प होता. पैसा उभारला कर्ज काढून आणि कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवून. बांधकामही त्या काळी नवखे: विटा-लाकडाऐवजी सिमेंट काँक्रीट. परंतु काँक्रीटचा खर्च, त्यावर व्याज, आणि या दोहोंचा मेळ घालणारे भाडे गिरणीकामगाराच्या पगारात बसेना. भाडे खर्चाहून कमी ठेवले, तरी कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या. संकल्प अर्ध्यावरही पोचला नाही. उभ्या राहिल्या 207 चाळी.

दोष काँक्रीटचा नव्हे. भिंती कशाच्या, हे आधी ठरले. राहणाऱ्याला काय परवडते, हे मागाहून विचारले.

आता तेथे 160 चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात 500 चौरस फुटांचे घर विनामूल्य मिळते. आम्हांला त्याचा आनंदच आहे. पण उंच इमारतीची लिफ्ट, पाण्याचा पंप, डागडुजी यांचा खर्च आज दुसऱ्याने सोसला, तरी उद्या रहिवाशाच्या दारी येणारच. भाडे गेले म्हणून हिशेब जात नाही. किल्ली हाती घेण्यापूर्वी तो मागून घ्या, एवढेच आमचे सांगणे.