१९९८: आशियाची यादी आणि आपला वाशिम

आज एकच वर्ष घेऊ, १९९८.

त्या वर्षीच्या आशियाची यादी काढली तर मोठी होते. ११ आणि १३ मे, पोखरणला भारताच्या अणुचाचण्या. महिनाअखेरीस पाकिस्तानच्या. मध्येच २१ मेला इंडोनेशियात सुहार्तोंना खुर्ची सोडावी लागली, तीन दशकांच्या सत्तेनंतर.

गेलेली माणसं? १५ जानेवारीला गुलझारीलाल नंदा, दोनदा हंगामी पंतप्रधान झालेले. १५ एप्रिलला कंबोडियाचा पोल पॉट. त्याच्या राजवटीत १५ लाखांहून जास्त माणसं मेली, त्यातल्या बहुतेकांची नावं आपल्याला माहीत नाहीत, त्याचं मात्र आहे. ६ सप्टेंबरला जपानचे दिग्दर्शक अकिरा कुरोसावा गेले. त्यांचा 'सेव्हन सामुराई' नक्की बघा. पीक लुटारूंपासून वाचवायला गावकरी सामुराई आणतात, अशी गोष्ट आहे. शेतकऱ्याच्या पोरांना लगेच कळेल.

आता आपली तारीख. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला. खरं तर परत झाला, कारण इंग्रजांच्या काळात तो होताच, १९०५ मध्ये तो अकोला आणि यवतमाळ जिल्ह्यांत विभागला होता. रिसोड-मानोऱ्याच्या माणसाची कलेक्टर ऑफिससाठीची अकोल्याची चक्कर वाचली. आशियाच्या यादीत ही ओळ सापडणार नाही, पण आपल्यासाठी हीच मोठी.

त्याच ऑक्टोबरमध्ये अमर्त्य सेन यांना नोबेल जाहीर झालं. त्यांनी दाखवून दिलं होतं की देशात धान्य असतानाही लोक उपाशी मरू शकतात, कारण ते मिळवायची ऐपत नसते.

ऐपतीचा प्रश्न आपल्याकडेही आलाच. बरोबर ८ वर्षांनी, १ जुलै २००६ ला, पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या ६ जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कारण होतं शेतकरी आत्महत्या. त्या सहांत वाशिमही होता.

मोठ्या माणसाच्या मरणाची तारीख राहते. शेतकऱ्याचा फक्त आकडा होतो. मी दिवसभर डेटाबेसवरच काम करतो, म्हणून सांगतो: ज्याची एन्ट्रीच नाही, तो सर्चमध्ये कधीच येत नाही.

म्हणून एक काम करा. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, १९९८ ला गावात काय झालं, कोण गेलं, का गेलं. त्यांची परवानगी घेऊन फोनमध्ये रेकॉर्ड करा, फाईलला गावाचं नाव अन् वर्ष द्या. तेवढी एन्ट्री आपल्या हातात आहे.

भेटू पुढच्या भागात!